कार्ड आहे, मग चष्म्यात अंधार का?

‘लॅपटॉप गेमिंगचा घेतला, कार्ड भारीतले आहे असे दुकानदाराने सांगितले, तरीही डोळ्यांवर लावायच्या त्या चष्म्यात काहीच दिसत नाही. आता काय करावे?’ अशा आशयाची विचारणा अलीकडे रत्नागिरी शहरातून आणि आसपासच्या गावांतून आमच्याकडे वरचेवर होऊ लागली आहे. विचारणारे पालक कोण आहेत? कुणी एस.टी.त आहे, कुणी नगरपरिषदेत, कुणी मिरकरवाड्याच्या बंदरावर हमाली करतो, कुणी भगिनी काजूच्या कारखान्यात बिया सोलतात. कुणी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढले, कुणी बचत गटाचे कर्ज उचलले, कुणाच्या मुंबईकर भावाने हातभार लावला, आणि लाखाच्या आसपासचे यंत्र घरात आले. यंत्र चालेना तेव्हा घरात पहिले वाक्य निघाले ते हे : ‘पोरीच्या हट्टापायी पैसे पाण्यात गेले!’

आम्हाला काळजी वाटते ती या वाक्याची. यंत्र आज ना उद्या दुरुस्त होईल. पण मुलीच्या शिक्षणावर केलेला खर्च म्हणजे पाण्यात गेलेले पैसे, ही समजूत एकदा घरात बसली की ती काढायला पिढी जाते. म्हणून आज या सदरात थोडा किचकट वाटणारा, परंतु अत्यंत गरजेचा विषय घेत आहोत. वाचकांनी धीर धरून शेवटपर्यंत वाचावे, आणि ज्या घरात असे यंत्र आहे त्या घरी हा अंक अवश्य पोहोचवावा.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. पुष्कळदा असे यंत्र बिघडलेले नसतेच. कार्ड जागेवर असते, चष्माही ठीक असतो. त्या दोघांमधला रस्ता तेवढा बंद असतो. काही रस्ते घरबसल्या, एक पैसाही न घालता उघडता येतात. काही रस्ते कारखान्यातूनच बंद होऊन आलेले असतात, ते कोणीही उघडू शकत नाही. कोणता रस्ता कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखणे, यातच सगळे शहाणपण आहे.

हा चष्मा कशासाठी?

व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी म्हणजे आभासी वास्तव. डोळ्यांवर बंद चष्मा चढवला की दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रे दिसतात आणि आपण त्या जागी प्रत्यक्ष उभे आहोत असे वाटते. मान वळवली की चित्रही वळते. यावर मुले खेळ खेळतात हे खरे, पण हे निव्वळ खेळणे नव्हे. इमारतींचे आराखडे, कारखान्यातील प्रशिक्षण, वैद्यकीय शिक्षण यांत त्याचा वापर होतो आणि त्यातून रोजगारही मिळतो. आपल्या जिल्ह्यात, दापोली तालुक्यात, पन्हाळेकाजी येथे २९ लेणी आहेत. त्यांतील सर्वांत जुनी आपल्या बौद्ध भिक्खूंची. गुडघे दुखणाऱ्या आजीला तिथवर नेता येत नाही. परंतु एखाद्या मुलीने ते लेणे संगणकावर उभे केले, तर आजी घरी खुर्चीत बसून ते पाहू शकेल. असे स्वप्न घेऊन जी मुलगी लॅपटॉप मागते, ती हट्ट करते असे आम्ही कसे म्हणावे?

आता अडचण कुठे येते ते पाहू. साध्या पडद्यावर चित्र क्षणभर अडखळले तर काही बिघडत नाही. चष्म्यात मात्र अडखळलेल्या चित्राने डोके गरगरते, मळमळते. म्हणून त्याला सेकंदाला ९० चित्रे लागतात, म्हणजे एक चित्र काढायला सुमारे ११ मिलिसेकंद, आणि तेही दोन्ही डोळ्यांसाठी. हे काम ग्राफिक्स कार्ड करते. म्हणून तर आपण भारी कार्डाचे पैसे मोजतो.

एका घरात दोन कामकरी

बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये चित्र काढणारे दोघे असतात. एक लहान, तो मुख्य प्रोसेसरमध्येच बसवलेला असतो, इंटेलचा किंवा एएमडीचा. तो वीज कमी खातो. दुसरा मोठा, म्हणजे एनव्हिडियाचे जीफोर्स किंवा एएमडीचे रेडिऑन कार्ड. साधे टंकलेखन चालू असताना मोठ्याने झोपून राहावे आणि बॅटरी वाचावी, अशी ही वाटणी आहे. एनव्हिडियाने २०१० साली ‘ऑप्टिमस’ नावाची पद्धत आणली. तिच्यात मोठा कामकरी चित्र काढतो, पण पडद्यापर्यंत ते नेऊन पोहोचवतो लहान कामकरी. लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यासाठी ही सोय उत्तम आहे.

चष्म्याचे तसे नाही. २०१६ साली ऑक्युलस रिफ्ट आणि एचटीसी व्हाइव्ह हे चष्मे बाजारात आले. त्यांना चित्र थेट मोठ्या कार्डाकडून हवे होते. काही लॅपटॉपमध्ये मात्र बाहेरचे एचडीएमआयचे भोक लहान कामकऱ्याला जोडलेले होते. मासळीने भरलेला ट्रॉलर बंदरात आला, पण धक्क्याला लागायला जागाच नाही, अशी गत झाली. माल आहे, उतरवता येत नाही. ही जोडणी मुख्य पाटीवरची, म्हणजे मदरबोर्डवरची असते. ती कोणत्याही सॉफ्टवेअरने बदलत नाही.

नावावर जाऊ नका

दुसरी फसगत होते ती नावामुळे. टेबलावरच्या मोठ्या संगणकातील कार्ड आणि लॅपटॉपमधील कार्ड यांचे नाव एक असले तरी ताकद एक नसते. जीटीएक्स ९७० या टेबलावरच्या कार्डात १६६४ गणन-गाभे होते, तर लॅपटॉपच्या ९७० एम मध्ये १२८०. २०१६ पासून तो ‘एम’ही नावातून गेला. आज आरटीएक्स ४०७० टेबलावरचे घेतले तर १२ जीबी मेमरी मिळते, लॅपटॉपमधले घेतले तर ८ जीबी. लॅपटॉपमधील आरटीएक्स ४०६० हे कार्ड कंपनीच्या मर्जीप्रमाणे ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही विजेवर चालवलेले असते. नाव तेच, पण एकाला पोटभर भाकरी आणि दुसऱ्याला चतकोर! काम सारखे कसे होईल? तेव्हा दुकानात नुसते नाव न विचारता ‘कार्ड किती वॉटचे?’ हे विचारावे.

मोठा आकडा म्हणजे चांगले कार्ड, हाही भ्रमच. ऑक्युलसने तारेने जोडायच्या चष्म्यासाठी चालणाऱ्या कार्डांची यादी केली, तेव्हा जीटीएक्स १०६० तीत होते, आणि त्याच्यानंतर निघालेले जीटीएक्स १६५० नव्हते. चष्मा कोणता घ्यायचा ते आधी ठरवावे, त्याच्या कंपनीची यादी वाचावी, आणि मग लॅपटॉपकडे वळावे. आपण उलटा क्रम लावतो आणि तिथेच फसतो.

घरच्या घरी करावयाचे उपाय

यंत्र घेऊन झाले असेल तर पुढील गोष्टी याच क्रमाने कराव्यात. क्रम महत्त्वाचा आहे, कारण सोपे व फुकटचे उपाय आधी आहेत.

पहिला उपाय : लॅपटॉपचा स्वतःचा चार्जर लावा. बॅटरीवर असताना मोठ्या कार्डाची ताकद मुद्दाम कमी केलेली असते. पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाते, मुले तसाच बॅटरीवर चष्मा चालवू पाहतात आणि चित्र अडखळते. तो कार्डाचा दोष नव्हे. दुसऱ्या लॅपटॉपचा बारीक चार्जरही चालत नाही, कारण गेमिंग लॅपटॉपला १८०, २३० किंवा त्याहून जास्त वॉटचा लागतो. घरातल्या लहान इन्व्हर्टरवरही हा भार टाकू नये.

दुसरा उपाय : विंडोजमधील ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडून ‘डिस्प्ले अ‍ॅडाप्टर्स’ या ओळीखाली पाहा. तिथे दोन नावे दिसली पाहिजेत, लहान कामकऱ्याचे आणि मोठ्याचे. मोठ्याच्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडाप्टर’ असे दिसले किंवा नावापुढे पिवळी खूण असली, तर कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला कामाला लावणारी आज्ञावली, नीट बसलेली नाही. ती लॅपटॉपच्या कंपनीच्या किंवा कार्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. तिसरीकडून घेऊ नये. बसवताना ‘क्लीन इन्स्टॉलेशन’ हा पर्याय निवडावा, म्हणजे जुने अवशेष निघून जातात. नवी आवृत्ती बसवल्यावर त्रास सुरू झाला असेल तर आधीची आवृत्ती परत बसवून पाहावी. नवे ते नेहमी चांगले असे समजू नये.

तिसरा उपाय : चष्म्याचा कार्यक्रम मोठ्या कार्डावर चालतो आहे ना, ते पाहा. पुष्कळदा विंडोज तो लहान कामकऱ्याच्या गळ्यात टाकून मोकळे होते. ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘डिस्प्ले’, ‘ग्राफिक्स’ असे क्रमाने जावे, त्या कार्यक्रमाचे नाव निवडावे आणि ‘हाय परफॉर्मन्स’ करून ठेवावे. नंतर यंत्र बंद करून चालू करावे.

चौथा उपाय : भोक कुणाला जोडलेले आहे ते तपासा. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘फिजएक्स’ शब्द असलेले एक पान आहे. कोणता पडदा कोणत्या कार्डाला जोडलेला आहे, हे तिथे चित्रासह दाखवलेले असते. घरचा टीव्ही एचडीएमआयच्या तारेने जोडा आणि ते पान पाहा. टीव्ही जीफोर्सखाली दिसला तर रस्ता मोकळा. इंटेलखाली दिसला तर त्या भोकाचा नाद सोडा आणि दुसरे भोक पाहा. काही लॅपटॉपमध्ये एचडीएमआय लहान कामकऱ्याला असते, पण यूएसबी-सी मोठ्याला असते. काहींत याच्या उलट.

पाचवा उपाय : तुमच्या लॅपटॉपमध्ये ‘मक्स स्विच’ आहे का, ते माहितीपत्रकात पाहा. म्हणजे लहान कामकऱ्याला वगळून चित्र थेट मोठ्याकडून पडद्याला देणारा सांधा. तो असेल तर कंपनीच्या कार्यक्रमातून किंवा बायोसमधून ‘फक्त मोठे कार्ड’ ही पद्धत निवडता येते. काही यंत्रांत त्याने बाहेरचे भोकही मोठ्या कार्डाकडे जाते. तेव्हा ही निवड करून चौथी तपासणी पुन्हा एकदा करावी.

सहावा उपाय : धूळ आणि उष्णता. गादीवर लॅपटॉप ठेवून चष्मा चालवला तर खालची हवा कोंडते आणि कार्ड तापून आपोआप मंदावते. आपल्या किनाऱ्यावरची दमट, खारी हवा यंत्राला मानवत नाही. लाकडी पाट किंवा टेबल वापरावे, आणि वर्षातून एकदा जाणत्या माणसाकडून पंखे साफ करून घ्यावेत.

या गोष्टी करू नयेत

डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन लहान कामकऱ्याला बंद करू नये. ‘तो अडवतो ना, मग काढूनच टाकू,’ असे मुलांना वाटते. पण लॅपटॉपचा पडदाच त्याच्यावर अवलंबून असतो. मोठ्याला त्याने बळ येत नाही, उलट पडद्यावर भलतेच काही दिसू लागते.

भलता अ‍ॅडाप्टर घेऊ नये. रिफ्ट एस किंवा व्हाल्व्ह इंडेक्स या चष्म्यांना डिस्प्लेपोर्ट लागतो. लॅपटॉपला नुसते एचडीएमआय असेल तर ‘हा घ्या जोड, होईल काम,’ असे म्हणून दुकानात एक स्वस्त तुकडा हाती दिला जातो. डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय काढणारा साधा जोड असतो, पण तोच उलटा लावून चालत नाही. मोठ्या कार्डाला जोडलेले यूएसबी-सी असेल, तर त्यातून डिस्प्लेपोर्ट काढणारी तार मात्र उपयोगी पडू शकते.

‘कार्ड बदलून देतो’ असे कुणी म्हणाले तर लगेच पैसे काढू नयेत. जवळजवळ सर्व गेमिंग लॅपटॉपमध्ये कार्ड मुख्य पाटीवरच डाखलेले असते. टेबलावरच्या संगणकासारखे ते काढून दुसरे बसवता येत नाही. सांगणारा खरे सांगतो की नाही, हे या एका प्रश्नावरून कळते.

जुना चष्मा स्वस्तात मिळतो म्हणून ‘विंडोज मिक्स्ड रिअ‍ॅलिटी’ या जातीचा घेऊ नये. एचपी रिव्हर्ब जी-२, लेनोवो एक्सप्लोरर हे त्या जातीचे. मायक्रोसॉफ्टने २०२४ सालच्या विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीतून त्याचा आधार काढून टाकला. चांगले चालणारे चष्मे त्या दिवसापासून मुके झाले. तिथे कार्ड कितीही भारी असो, दोष त्याचा नसतो.

रस्ता कारखान्यातूनच बंद असेल तर?

तरीही निराश व्हायचे कारण नाही. २०१९ च्या शेवटी ऑक्युलसने क्वेस्ट या चष्म्यासाठी ‘लिंक’ ही सोय आणली. तिच्यात मोठे कार्ड चित्र काढून त्याची चित्रफीत करते आणि ती यूएसबीच्या तारेने चष्म्याला पाठवते. २०२१ पासून हेच वाय-फायनेही होऊ लागले. यात एचडीएमआयचा संबंधच येत नाही, म्हणून ते भोक कुणाला जोडलेले आहे याने काही फरक पडत नाही. कार्ड मात्र यादीतले हवे, आणि तिसरा उपाय इथेही लागू आहे. वाय-फायने चालवायचे असल्यास राउटर ५ गिगाहर्ट्झचा असावा आणि लॅपटॉप राउटरला तारेने जोडावा. शिवाय क्वेस्टसारखा चष्मा लॅपटॉपशिवाय स्वतंत्रपणेही चालतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आणि चष्माच नसेल तर? तरी शिक्षण थांबत नाही. ब्लेंडर हा वस्तू व इमारती उभ्या करण्याचा कार्यक्रम फुकट आहे. युनिटी शिकणाऱ्यांना फुकट मिळते, आणि चष्म्याची नक्कल पडद्यावर करून दाखवणारे साधनही त्यात आहे. म्हणजे सहा महिने मुलगी चष्म्याविना शिकू शकते. चष्मा प्रत्येक घरात हवाच असेही नाही. गावशाखेने किंवा तरुण मंडळाने मिळून विहाराच्या अभ्यासिकेसाठी एक घेतला, तर दहा मुलांचे काम भागेल. जयंतीच्या डीजेच्या एका रात्रीच्या खर्चाशी त्याची तुलना वाचकांनीच करावी.

पैसे मोजण्यापूर्वी

ज्यांनी अजून लॅपटॉप घेतलेला नाही त्यांच्यासाठी दोन तपासण्या सांगतो. व्हाल्व्ह कंपनीने ‘स्टीमव्हीआर परफॉर्मन्स टेस्ट’ हा कार्यक्रम २०१६ साली काढला. तो फुकट आहे आणि त्याला चष्मा लागत नाही. दुकानातल्या यंत्रावर तो चालवून दाखवा म्हणावे. त्यातून कार्डाची ताकद कळते. रस्ता मोकळा आहे का ते मात्र त्यातून कळत नाही. त्यासाठी वर सांगितलेली टीव्हीची तपासणी करून घ्यावी. दुकानदार नाही म्हणाला तर यंत्राचे पूर्ण नाव लिहून घ्यावे, कंपनीच्या माहितीपत्रकात भोके आणि वॉट पाहावेत आणि दुसऱ्या दिवशी यावे. एका दिवसाने काही बिघडत नाही.

‘हा लॅपटॉप अमुक चष्म्यासाठी चालेल’ असे विक्रेता सांगत असेल तर ते पावतीवर लिहून घ्यावे. तोंडी शब्द हवेत विरतो. लेखी शब्द ग्राहक आयोगापुढे उभा राहतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे. त्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. तत्पूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. हा अधिकार आपला आहे. तो मागताना कुणापुढे वाकण्याची गरज नाही.

तथागतांनी केसपुत्त गावच्या कालामांना हेच सांगितले होते. कुणी सांगितले म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून काही मानू नका. स्वतः पारखा आणि मग स्वीकारा. आपण रोज वंदनेत धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हणतो, म्हणजे ‘या आणि पाहा’ असे आवाहन करणारा. जो धम्म स्वतःलाही पारखून घ्या म्हणतो, त्याच्या अनुयायांनी लाखाची वस्तू मात्र न पारखता घ्यावी काय?

आणि तंत्रज्ञान हे आपले काम नव्हे, असे तर कुणीच मनात आणू नये. ज्यांचे मूळ गाव आपल्याच जिल्ह्यातले आंबडवे, त्या परमपूज्य बाबासाहेबांनी २९ ऑक्टोबर १९४२ रोजी व्हाइसरॉयला निवेदन दिले. त्यात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या, सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना उमेदवारी मिळावी अशीही मागणी केली. त्या काळचे नवे यंत्र ते होते, आजचे हे आहे. यंत्राच्या पोटात काय चालते हे ज्याला कळते त्याला कुणी सहज फसवू शकत नाही, आणि ज्याला कळत नाही तो प्रत्येक दुकानात दोनदा पैसे मोजतो.

म्हणून पालकांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे. यंत्र अडले तर मुलीला बोल लावू नका. तिच्याशेजारी बसा, हे सहा उपाय एकेक करून पाहा, आणि प्रत्येक उपायानंतर काय झाले ते वहीत लिहून ठेवा. दुरुस्तीवाल्याकडे जावेच लागले तर ती वही बरोबर न्या. ‘बाबा, हे भोक इंटेलला जोडलेले आहे,’ असे मुलगी समजावून सांगेल, तेव्हा तिने काय मिळवले आहे ते तुम्हालाच कळेल.

जयभीम!